आबा जेवले तो हिवाळा

मी एकदा एक निरोप पोचवला. तो कोणी पाठवलेलाच नव्हता. ज्यांच्या नावाने तो दिला, त्यांना अखेरपर्यंत त्याची कल्पना नव्हती. आणि ज्यांना दिला, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सभ्य माणसाच्या तोंडून आला होता. ह्या हिवाळ्यापर्यंत ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. सांगण्याचे प्रसंग पुष्कळ आले. प्रत्येक वेळी मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला.

थंडी उतरू लागली की जळगावच्या बाजारात भरताची वांगी येतात. फिकट हिरवी, पांढुरकी, हाताला गुळगुळीत आणि आकाराच्या मानाने हलकी. मग संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या अंगणातून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर येतो, वांग्यांची साल करपू लागते, लसूण आणि हिरव्या मिरच्यांचा खाट उठतो. ह्या वासाने खानदेशातला माणूस गावाकडे वळून बघतो. मला मात्र शिसारी येते. घशाशी आंबट येते आणि मी खिडकी लावून घेतो.

"खानदेशात जन्मून भरीत सोडणारा माणूस मी पहिलाच पाहिला," असे पत्नी म्हणाली, त्याला आता बरीच वर्षे झाली.

"पित्त होतं," मी म्हणालो होतो. तेव्हापासून आमच्या घरात मला पित्ताचा त्रास आहे. एका मोठ्या खोट्याच्या मागून अशी किती लहान खोटी जन्मभर चालत येतात.

पण खरी शिसारी वासाची नाही. तो वास आला की माझ्या डोळ्यांपुढे केळीच्या पानांची एक लांब ओळ येते, आणि त्या ओळीत मधोमध बसलेले, पहिला घास हातात घेतलेले आबा.

आबा धुळ्याचे वकील. प्रजासत्ताकाचे दुधाचे दातही पडले नव्हते, त्या पहिल्या निवडणुकीत ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ एक सायकल होती आणि राज्यघटना शब्दशः खरी मानण्याचा भाबडेपणा होता. कायद्यापुढे सगळे समान, असे लिहिले आहे ना, मग विहिरीपुढेही समान, असे ते सभेत सांगत. लोकांना हे वाक्य फार आवडे. सभा संपल्यावर लोक आपापल्या विहिरींकडे जात.

त्याच निवडणुकीत चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याची निळी रेघ दिसते अशा एका गावात, त्यांच्यासाठी शेतात भरताचे जेवण केले होते. हिवाळ्यात आमच्याकडे पाहुण्याचा मान असाच करतात. गावकऱ्यांची पंगत मळ्यात बसली आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांची बांधापलीकडे, कडुनिंबाखाली. आबांनी ते पाहिले, आपले पान उचलले आणि बांध ओलांडून निंबाखाली जाऊन बसले. ही हकीकत मी त्यांच्या आणि नामदेवभाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे नव्हतो हे मला आठवून पाहावे लागते.

नामदेवभाऊ त्याच वस्तीतले. तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालेले; पुढे रेल्वेत लागले, चाळीसगावच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून निवृत्तीपर्यंत राहिले. धर्मांतराच्या वेळी सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली, तेव्हा आबांना आग्रहाने बोलावून घेणारे तेच. दोघे भेटले की आधी भांडत, मग ही गोष्ट निघे.

"पान उचलून निघाले मोठे पुढारी," नामदेवभाऊ सांगत. "बांधावर पाय घसरला, अन् भरताचा गोळा थेट धोतरावर. तसेच येऊन माझ्या शेजारी बसले."

"आणि ह्याने तो गोळा धोतरावरून उचलून खाल्ला," आबा म्हणत.

"उपाशी होतो. तुमच्या भाषणानं भूक लागली होती, भागली नव्हती."

ती निवडणूक आबा हरले. त्या गावातून त्यांना मिळाली ती फक्त वस्तीची मते. त्या पंगतीहून परतताना ते चावडीसमोर शांतपणे एवढेच म्हणाले होते की, ह्या गावात मी जेवीन ते एका पंगतीत. नाहीतर पाणी पिऊन जाईन. आणि पुढची तीसहून अधिक वर्षे ते त्या गावात पाणी पिऊन परतले. नामदेवभाऊंच्या घरीसुद्धा. त्यांची आई चिडायची. "गावना राग मन्ही भाकरवर कसाले?" म्हणायची. आबा हात जोडून हसत, पण जेवत नसत. त्यांच्या मते वस्ती गावाबाहेर नव्हती. वस्तीत जेवलो तर ती गावाबाहेर आहे हे मीच मान्य केले असे होईल, असा त्यांचा वकिली हट्ट होता.

त्यांच्या राजकारणाला लोक कारकीर्द म्हणतात, तेव्हा मला संकोच वाटतो. कधी निवडून आले, कधी पडले. विधवेच्या नावावर शेत चढावे म्हणून ते तलाठ्याच्या ओट्यावर दिवसभर बसून राहत. मुलींची शाळा सातवीपुढे न्या म्हणून त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाला भर सभेत जाब द्यायला उभे केले. तो पक्ष त्यांनी पुढे सोडला, कारण तिथे तत्त्व हे सणावारी काढायच्या जरीच्या टोपीसारखे झाले होते. ज्यांनी त्यांना कधी मंत्रिमंडळाच्या दारात उभे केले नाही, तेच लोक त्यांना 'आमचे भूषण' म्हणत. भूषण म्हणजे अंगावर घालायचे आणि घरी आल्यावर पेटीत ठेवायचे.

ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात आबा शेवटचे उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, पाठीशी कोणताही पक्ष नाही. त्यांचा जुना कार्यकर्ता म्हणून प्रचाराची सूत्रे माझ्याकडे होती. मी तेव्हा चाळिशीत होतो आणि मला जिंकायचे होते. आबांना जिंकवायचे आहे, असे मी म्हणत असे. आज ते वाक्य उलटून पाहिले की त्याखाली किडे दिसतात. वर्गात लोकशाही शिकवून मला कंटाळा आला होता. एकदा ती हातात धरून पाहायची होती.

त्या दिवसांची आठवण मला स्वच्छ अशी येतच नाही. जीपच्या मागे उडणारी पांढरी धूळ. जिनिंगच्या आवारातून उडून पापण्यांवर बसणारा कापूस. कर्ण्यातून येणारा माझाच आवाज, मला न ओळखू येणारा. समोरच्या उमेदवाराच्या जीपा गावागावात दारू उतरवीत आणि आम्ही नाक मुरडून पुढे जात असू. आपण स्वच्छ आहोत ह्याचा मला किती अभिमान होता. कपडे रोज धुतलेले असत.

चोपड्याकडच्या त्या गावात शब्द चाले तो भिकानानांचा. केळीचे बागायतदार, हसरे, पाहुण्याला स्वतः उठून पाणी देणारे. त्यांच्या ओट्यावर कापसाचा ढीग होता आणि त्याला टेकून ते म्हणाले, "सर, आबासले सांगा, यंदा गावमा जेवाले या. एकच पंगत. मन्हा शब्द शे."

मला खरे वाटेना. मी त्यांचे हात धरले.

नानांनी हात सोडवले नाहीत. फक्त आवाज खाली आणला. "एक काम करा. वस्तीना लोकेसले सांगा, त्या दिन जरा घर राहा. मंग एकच पंगत राही."

आणि मी हसलो. हे मला लिहायचे होते. मी संतापलो नाही, उठलो नाही. त्या युक्तीतली सफाई मला आवडली आणि मी हसलो. मग मनाशी हिशेब मांडला. गाव मोठे होते, अटीतटीची लढत होती, आबा निवडून आले तर ह्याच वस्तीचे भले करणार होते. एका जेवणाने काय होते? समजूतदारपणाच्या नावाखाली माणूस किती घाण गिळू शकतो, ते त्या दुपारी मला कळायला हवे होते. कळले नाही. चहा गोड लागला.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी वस्तीत गेलो. नामदेवभाऊ रजा काढून मुद्दाम चाळीसगावहून आले होते. अंगात नवा पांढरा शर्ट. बांधाशेजारच्या त्याच निंबाखाली बसून ते एक लाकडी बडगी धुऊन पुसत होते. भाजलेली वांगी ठेचायचे हे जड, खोलगट भांडे त्यांच्या आईचे. आज गावच्या भरतात ही बडगी चालली पाहिजे, असे त्यांनी मनाशी धरले होते. सभोवती वस्तीतली दहा-वीस माणसे, बायकाही नव्या लुगड्यांत.

"सर, आबांना सांगा," ते म्हणाले, "ह्या खेपेला धोतर सांभाळा. माझं वय झालं, आता उचलून खाणार नाही."

सगळे हसले. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि हळूच म्हणालो, "नामदेवभाऊ, आबांचा निरोप आहे. आज तुम्ही मंडळींनी येऊ नका. निवडणूक होऊन जाऊ द्या."

हा निरोप माझा आहे असे म्हणालो असतो तर त्यांनी मला उडवून लावले असते. भिकानानांचा आहे म्हणालो असतो तर वस्ती उठून मळ्यात गेली असती. आबांचे नाव घेतल्याशिवाय ती माणसे बसून राहिली नसती, हे मला ठाऊक होते. म्हणून मी ते घेतले.

"आबांनी सांगितलं?" नामदेवभाऊंनी विचारले. "स्वतः?"

"हो."

त्यांनी बडगीवरून फडके एकदा फिरवले आणि ती निंबाच्या बुंध्याशी पालथी घातली. "बरं," म्हणाले. मागे कोणी म्हातारा उठत म्हणाला, "चला रे, आपले घर भाकर शे." बायका आत गेल्या. माझ्यावर कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर मी कदाचित मोडलो असतो.

दुपार टळताना आबा आले. मळ्यात एकच ओळ होती, लांबच लांब, केळीच्या पानांची. काड्यांचा धूर अजून रेंगाळत होता. आबांनी ओळीवरून नजर फिरवली. त्या नजरेला आता फारसे दिसत नव्हते. मला बाजूला घेऊन विचारले, "वस्तीतली मंडळी कुठायत रे? नामदेव?"

"आबा, ती पहिल्या पंगतीत बसली. गावकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. कामावर जायचं होतं त्यांना. नामदेवभाऊ जेवून दुपारच्या गाडीने गेले, ड्यूटी होती."

"एका ओळीत?"

"एका ओळीत."

त्यांनी माझा खांदा दाबला. तो दाब मला अजून जाणवतो. मग ते पंगतीत बसले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली, भरीत लावले आणि घास हातात धरून थोडा वेळ नुसतेच बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि भिकानाना शेजारी बसून मोठ्याने सांगत होते, "मिरची जास्त पडनी वाटतं." सगळे हसले. आबाही हसले आणि जेवले. पोटभर जेवले. दुसऱ्यांदा मागून घेतले.

मी समोर वाढत होतो. बांधापलीकडे निंबाखाली एक पांढरा शर्ट उभा होता. आबांच्या डोळ्यांना तो दिसणे शक्य नव्हते. त्या शर्टाला आबा स्वच्छ दिसत होते.

आबा निवडून आले. थोड्या मतांनी, त्या गावाने हात दिला म्हणून. माझी युक्ती फसली असती तर कदाचित आज मी तिला चूक म्हणून मोकळा झालो असतो. ती यशस्वी झाली, हेच तिचे किळसवाणेपण. गुलालाने माखलेल्या जीपवर मी आबांच्या शेजारी उभा होतो.

नव्या सभागृहातल्या त्यांच्या पहिल्याच भाषणात ती पंगत आली. माणूस बदलतो, वेळ लागतो पण बदलतो, असे सांगून त्यांनी त्या गावाचे नाव घेतले. तीस वर्षे मी तिथे पाणी पिऊन परतलो, ते म्हणाले, यंदा जेवून आलो. बाके वाजली. वर्तमानपत्रांनी ते चौकटीत छापले. मी ते कॉलेजच्या वाचनालयात वाचले आणि नंतर हात धुतले. शाईमुळे नव्हे.

चाळीसगावातही ते वर्तमानपत्र येते.

निवडणुकीनंतर नामदेवभाऊ भेटायला येईनात, तेव्हा आबा हट्टाने मला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेले. बाहेर मालगाडीचे डबे जोडताना लोखंडाचा आवाज येत होता. नामदेवभाऊंनी खुर्ची पुसून दिली, चहा आणवला. "या, आबासाहेब," म्हणाले. आबांच्या कपाळावर आठी पडली. आजवर नामदेवभाऊंनी त्यांना कधी साहेब म्हटले नव्हते.

"काय रे, रागावलास? त्या दिवशी थांबला का नाहीस?"

"आम्ही कसले थांबतो? तुम्ही जेवलात ना पोटभर? झालं तर मग."

आबा माझ्याकडे बघू लागले. मी एक वाक्य बोलण्याचाच प्रश्न होता. मी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायलो. दोघेही स्वाभिमानी, एकाने विचारले नाही, दुसऱ्याने सांगितले नाही, आणि ज्याला सगळे माहीत होते तो चहा गार करीत बसला. परतताना गाडीत आबा म्हणाले, "ह्याला मी निवडून आलेलं रुचलं नाही की काय?" एवढ्या वर्षांच्या सोबत्याबद्दल असे वाक्य त्यांच्या तोंडी मी घातले.

पुढे धुळ्याला आबा आजारी होते, त्या अखेरच्या दिवसांत विस्मरण फार झाले होते. माझे नाव विसरत. पण मधेच विचारीत, "नामदेवचं काय बिनसलं रे?" मी त्यांच्या पायांवरचे पांघरूण सारखे करीत असे. ते गेले तेव्हा नामदेवभाऊ आले नाहीत. शोकसभेत ज्यांनी आबांना जन्मभर आडवे पाय घातले ते गहिवरून बोलले. मीही बोललो, आणि माझे भाषण सर्वांत चांगले झाले असे लोकांनी सांगितले.

ह्या हिवाळ्यात भिकानाना माझ्या घरी आले. थकले आहेत, काठी आली आहे, हसू तेच. गावात समाजमंदिर बांधले आहे, आबांचे नाव द्यायचे आहे, दारावर संगमरवरी पाटी बसवायची आहे. उद्घाटनाला भरताचे जेवण. "दोन ओळी लिखी द्या, सर. आबा याच गावात एका पंगतमा जेवनात, असं काही. तुम्ही त्या दिन व्हतात."

"वस्तीतल्यांना बोलावलंय?" मी विचारले.

"म्हणजे काय? आते कोन करस भेदभाव? बठ्ठा एकच शेतस." सगळे एकच आहेत, असे सांगून नाना खरेच निर्मळ हसले. त्या दिवशी ओट्यावर आपण काय बोललो हे ते विसरले होते. पत्नीने त्यांच्यासाठी भरीत केले होते. ते बोटे चाटून जेवले. मी मोरीत जाऊन ओकलो, आणि पत्नी पित्ताची गोळी घेऊन आली.

गोळी हातात ठेवून मी तिला म्हणालो, "पित्त नाही." आणि सांगितले. तिने गोळी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी होते का त्या निंबाखाली?"

नामदेवभाऊ निवृत्तीनंतर गावी परतले आहेत. मी सकाळच्या एसटीने गेलो. केळीच्या बागांवर दव होते, सातपुडा धुक्यात अर्धा पुसलेला. त्यांनी मला ओळखले, घरात बसवले. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. कोपऱ्यात ती बडगी होती. तिच्यात कांदे ठेवले होते.

"पाटी लिहायला आलात म्हणे," ते म्हणाले. "लिहा. आम्हीही वाचू. खोटं संगमरवरावर चांगलं दिसतं."

मी खाली मान घालून, माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितले. निरोप आबांचा नव्हता.

"म्हणजे आबांना माहीत नव्हतं?" त्यांनी विचारले.

"नव्हतं. तुम्ही आधी जेवून गेलात असं मी त्यांना सांगितलं. म्हणून ते जेवले."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "त्यांच्या मौतीला गेलो नाही मी," म्हणाले. मग, बहुधा स्वतःशीच, "चाळीसगावला माझ्या दारात आले होते रे ते."

मी माफी मागू लागलो तसा त्यांनी हात वर केला. "अठे नही. जठे निरोप दिन्हा, तठे."

मला घेऊन ते निंबाखाली आले. निंब आता फार मोठा झाला आहे. नामदेवभाऊंनी हाका मारल्या. माणसे जमली, काही तेव्हाची, बरीचशी नंतर जन्मलेली. त्या दिवशी नवे लुगडे नेसलेली एक बाई, आता म्हातारी, भिंतीला धरून उभी राहिली. मी बोलू लागलो.

"मोठ्यानं," नामदेवभाऊ म्हणाले. "तेव्हाही हळूच बोलला होतात."

मी आयुष्यात कर्ण्याशिवाय कधी मोठ्याने बोललो नव्हतो. मळ्यापर्यंत जाईल अशा आवाजात, फाटक्या आवाजात, मी म्हणालो, "आबांनी तुम्हाला येऊ नका असं कधीच सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, त्यांच्या नावाने. ते तुम्हाला शोधत होते, त्यांनाही मी खोटं सांगून जेवायला बसवलं. तुमचा अपमान मी केला आणि त्यांचं नाव मी बाटवलं. मला माफ करा."